आमच्या बाजूचे आप्पा

"कोर्टकचेरीत एकट्यानं जाऊ न्हाई रं, वडीलधारं माणूस पुढं घालावं." गेणबा आजाचा हा आवाज मी लहानपणी दौंडकडच्या माळावर ऐकला, मेंढरांच्या घंटांवरून तरंगत आलेला. आजा गेला, मेंढरं विकली, आवाज तेवढा राहिला.

त्याच आवाजाच्या भरवशावर बायकोला, पूनमला मी छाती ठोकून सांगितलं, "तू निवांत राहा. खोली कोण खाली करून घेतंय तेच बघतो."

कारेगावात आम्ही मारुतरावआप्पांच्या चाळीत राहतो. कंपनीतलं कंत्राट सुटलं, भाडं थकलं, आणि आप्पांनी रविवारपर्यंत खोली सोडायला सांगितलं. वर नळही बंद केला. पूनमला सातवा महिना. घागर घेऊन ती शेजारच्या दारात उभी राहिली की मी पुढचं ताट बाजूला सारायचो. अशात कळलं, शिरूरच्या कोर्टात कामगाराला वकील फुकट मिळतो.

पण पुढं घालायला माणूस कुठून आणायचा? कारेगावात वजनदार, शब्दाचा पक्का, टोपी शोभणारा असा एकच माणूस माझ्या ओळखीचा. गेलो त्यांच्या दारात.

"आप्पा, शिरूरला कोर्टात काम हाय. तुम्ही संगं असता तर बरं झालं असतं."

आप्पा खुलले. "वडीलधारं लागतंच की. बस मागं."

कसलं काम, हे त्यांनी विचारलं नाही. निघालेल्या माणसाला आमच्याकडं कुणी असलं विचारत नाही. सरदवाडी मागं पडली तेव्हा कुठं माझ्या ध्यानात आलं, की घरमालकाविरुद्ध तक्रार करायला आपण घरमालकाच्याच मोटरसायकलवर चाललोय, आणि पेट्रोलही त्यांचंच! त्यांच्या पाठीमागं मी वाळत घातलेल्या धोतरासारखा फडफडायला लागलो. उडी मारावी म्हटलं, तर दवाखान्यातही तेच नेणार, ह्याच गाडीवर.

कोर्टात भेटलेल्या वकीलबाईंचं नाव तेजश्री. वयानं माझ्या धाकट्या बहिणीएवढ्या. म्हणाल्या, "आधी एक सांगते. मी तुमची वकील. घरमालकाची नाही, सरकारचीही नाही. फी नाही. कुणाचा फोन आला म्हणून तुमचं काम सोडणार नाही."

मी बघतच राहिलो. माझ्या बाजूनं सलग इतकं कुणी माझ्या लग्नातही बोललं नव्हतं.

"हे कोण?"

"आमचे आप्पा."

"आणलंत ते बरं केलंत. आता सांगा, घरमालकानं काय काय केलं?"

मी चपलेचा अंगठा चाचपायला लागलो. आप्पांनी माझ्याकडं पाहिलं आणि सगळं त्यांना उमजलं. कानाच्या पाळ्या लाल झाल्या. आता उठणार, असं मी धरून चाललो. पण सोबत म्हणून आलेला माणूस मधूनच उठून गेला तर त्याची शोभा काय राहिली?

"ह्याच्यानं बोलवत न्हाई बाई," आप्पा म्हणाले. "मी सांगतो. पाणी तोडलं त्यानं. ह्याची बायको पोटुशी हाय, तरी तोडलं."

"काय माणूस आहे."

"चांगला न्हाईच म्हणायचा," आप्पा फरशीकडं बघून बोलले.

बाईंनी पेन खाली ठेवलं. "नीट ऐका. भाडं थकलं असलं, तरी कोर्टाच्या हुकमाशिवाय तुम्हाला कुणीही बाहेर काढू शकत नाही. थकलेलं हप्त्यानं कसं फेडायचं ते मी मांडेन. पाणी मात्र आजच सुरू व्हायला हवं."

कुणीही नाही. ह्या दोन शब्दांना भर उन्हातल्या गाभाऱ्याचा गारवा होता. जात्यावरच्या बाईनं भावाचं नाव घोळवावं, तसे मी ते मनातल्या मनात घोळवत बसलो. पत्र्याची एवढीशी खोली, आणि तिच्या दाराशी केवढा मोठा राखणदार उभा!

"नोटीस काढते. घरमालकाचं नाव?"

मी छताकडं बघितलं. आप्पांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

"लिवा, मारुतराव. मीच हाय त्यो."

बाईंची नजर त्यांच्यावरून माझ्यावर आली, पुन्हा त्यांच्यावर गेली. "मग तुम्हाला बाहेर थांबावं लागेल."

"थांबतो. पर येक बोलू द्या." आप्पांचा आवाज खाली आला. "भाडं निमित्त हाय, बाई. माझ्या पृथ्वीराजला खोल्या पाडून गाळे काढायचेत. ह्याला घालवा म्हणून रोज मागं लागलाय. पोटच्या पोराला न्हाई म्हणायला मला धीर हुईना. तवा कागद जरा कडक काढा. घरी दाखवायला मला तेवढाच आधार हाय."