गाव परतल्याचा संदर्भ

कुसगवणे हे गाव सिंधुदुर्ग जिल्ह्यात, मालवणपासून आत डोंगराच्या पायथ्याशी आहे आणि त्यात माणसं राहतात, असं मी परवापरवापर्यंत समजत होतो. समजण्यामागे ठोस आधार काही नव्हता. मी तिथे जन्मलो आणि गावच्या वाचनालयात ग्रंथपाल म्हणून म्हातारा झालो, एवढंच. त्यात माझा स्वभाव भिडस्त. कुणी ‘कशावरून?’ असं विचारलं की मी मनातल्या मनात त्याच्याच बाजूला जाऊन बसतो.

निवृत्तीनंतर मी इंटरनेटवरच्या एका मराठी ज्ञानकोशात आमच्या गावावर लेख लिहिला. हा ज्ञानकोश कोणीही लिहू शकतो आणि कोणीही खोडू शकतो. दुसऱ्या कामाला माणसं जास्त मिळतात. लेखात मी देऊळ, व्हाळ म्हणजे ओढा, भात, काजू असं सगळं घातलं आणि शेवटी गावपळणीबद्दल लिहिलं. ही आमची जुनी रीत. काही वर्षांनी एकदा ग्रामदैवताचा कौल होतो आणि अख्खं गाव गुरंढोरं, कोंबड्या घेऊन शिवेबाहेर रानात राहायला जातं. मागे एक चूलही पेटती ठेवायची नाही. आमचा दुकानदार सॅविओ ख्रिस्ती, पण तोही मांजर बगलेत मारून सगळ्यांच्या आधी निघतो. तीन दिवसांनी पुन्हा कौल लावायचा. देवाने हो म्हटलं की घरी यायचं.

लेख प्रसिद्ध झाला आणि ‘तटस्थ’ असं नाव घेतलेल्या एका संपादकाने त्याखालच्या चर्चेच्या पानावर मला गाठलं.

“गाव बाहेर गेलं, याला आपण वृत्तपत्रांचे संदर्भ दिले आहेत. उत्तम. गाव परत आलं, याला संदर्भ?”

मी लिहिलं, “परत आलो आहोत. हे मी घरातूनच लिहितो आहे.”

“हा आपला व्यक्तिगत अनुभव झाला. तो इथे चालत नाही.”

“देवाने कौल दिला होता.”

“देवस्थान हा संबंधित पक्ष आहे. त्रयस्थ स्रोत द्या.”

मी वाचनालयात जाऊन जुन्या वर्तमानपत्रांचे गठ्ठे उपसले. त्याचं म्हणणं खरं निघालं. गाव निघतं तेव्हा वार्ताहर येतात, डोक्यावर गाठोडी घेतलेल्या बायकांचे फोटो काढतात, रानात आमच्याबरोबर पेज जेवतात आणि जातात. परतीच्या दिवशी कोणीच येत नाही. माणसं आपापल्या घरी आली, ही काही बातमी होत नाही. छापील पुराव्याप्रमाणे कुसगवणे गाव दर वेळी निघून गेलं होतं आणि एकदाही परतलं नव्हतं. छापलेल्यावर विश्वास ठेवण्यात माझा जन्म गेलेला.

मी घरातला परतीचा एक जुना फोटो शोधून चढवला. त्यात आमची माणसं गुरं हाकत पायवाटेने चालली होती.

“ही माणसं जाताहेत की येताहेत, हे चित्रावरून सिद्ध होत नाही,” तटस्थने लिहिलं.

एवढ्यात ‘दर्यावर्दी’ नावाचा दुसरा संपादक माझ्या मदतीला धावला. गायींचे कान मागे पडले आहेत, गाय घराकडे जाताना कान पाडते, असं त्याचं म्हणणं. त्यावर गायीच्या कानांना संदर्भ मागण्यात आला. मग ‘गाव परतलं असं मानलं जातं’ असं लिहावं, अशी तडजोड दर्यावर्दीने सुचवली. ‘कोण मानतं?’ असं तटस्थने विचारलं. दोघे पुष्कळ दिवस भांडले, एकमेकांना नियम दाखवले, एकमेकांच्या हेतूंबद्दल सभ्य भाषेत शंका घेतल्या. शेवटी सहमती झाली. वादग्रस्त वाक्यच काढून टाकावं, यावर दोघांचंही एकमत झालं. वाक्य गेल्यावर लेखात फक्त गावाचं जाणं उरलं, म्हणून शेजारच्या चौकटीत लोकसंख्येपुढे शून्य घालण्यात आलं. दर्यावर्दीने या सामंजस्याबद्दल तटस्थला एक चित्रातलं पदक दिलं.

मग मला सूचना आली. “आपण कुसगवणे येथे राहता असा दावा करता. तिथे कोणीही राहत नाही. आपण नेमके कुठे राहता?”

मी खिडकीतून बाहेर पाहिलं. खरोखरच कोणी दिसत नव्हतं. दुपारची वेळ होती, सगळे निजले होते. पण पाहून माझा धीर खचला.

“शेवंती,” मी बायकोला हाक मारली, “आपण परत आलो होतो ना गो?”

ती परसात वांगी काढत होती. “खंयसून?”

“गावपळणीहून.”

“नाय,” ती म्हणाली, “मी अजून रानातच आसंय. तुमची पेज कोण दुसरीच रांधता.”

काही दिवसांनी एका वर्तमानपत्रात ‘कोकणातलं निर्मनुष्य गाव’ अशी पानभर बातमी आली. माहिती ज्ञानकोशातून घेतली होती. ज्ञानकोशाने लगेच ती बातमी संदर्भ म्हणून जोडली. लेख आता भक्कम झाला.

मग पर्यटक येऊ लागले. कॅमेरे घेऊन आमच्या अंगणातून दबक्या पावलांनी फिरायचे. सॅविओ एकदा तणतणत माझ्याकडे आला.

“काका, ते माका म्हणतत, अंकल, जरा बाजूला व्हा. माझ्याच दुकानासमोर! मी फोटोत इलंय तर लोकांचो विश्वास बसाचो नाय म्हणे.”

“मग तू काय केलंस?”

“काय करतलंय? बाजूक झालंय. नंतर तेंनीच चार सोडा घेतल्यानी.”

इथवर ठीक होतं. पण एके सकाळी मालवणची पहिली बस आली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. शेवंती रोज त्या गाडीने वांगी, वाल, चवळीच्या जुड्या घेऊन बाजारात जाते. आमचं घर माझ्या पेन्शनवर उभं आहे असं मी म्हणतो आणि तिच्या टोपलीवर चालतं. गाड्यांच्या वेळा ठरवणारं एक कार्यालय आहे. कोणतं ते सांगत नाही, संदर्भ मागतील. तिथे तोट्यातल्या मार्गांची तपासणी झाली होती, आणि ज्या गावात माणूस नाही तिथे गाडी कशाला, असा सरळ विचार करून आमची गाडी बंद झाली होती.

सरपंच संचिताबाई, शेवंती आणि मी साहेबांकडे गेलो. साहेब सज्जन होते. त्यांनी मोबाइलवर लेख उघडून दाखवला.

“शून्य आहे हो इथे.”

“साहेब, आम्ही तुमच्यासमोर उभे आहोत,” संचिताबाई म्हणाल्या.

“बरोबर. इथे उभे आहात. तिथे नाही.”

शेवंतीने टोपली टेबलावर ठेवली. “मगे ही वांगी कोणी लायली?”

साहेबांनी एक वांगं उचलून उलटसुलट पाहिलं. “वांगं छान आहे. पण त्याच्यावर गावाचं नाव नाही.” मग आवाज उतरवून म्हणाले, “तीन माणसांसाठी मला निर्णय फिरवता येत नाही. संख्या दाखवा.”

आम्ही संख्या दाखवली. पुढच्या सोमवारी अख्खं गाव मोर्चाने कार्यालयावर गेलं. म्हातारे गेले, पोरंटोरं गेली, सॅविओ दुकानाला कुलूप लावून गेला. साहेब गच्चीवरून पाहून खूश झाले आणि नियमाप्रमाणे पडताळणीसाठी त्यांनी त्याच वेळी एक माणूस कुसगवण्याला पाठवला. त्याने प्रामाणिकपणे अहवाल दिला, की घरोघर हाका मारूनही कोणी ओ दिली नाही. त्याने काढलेले ओस रस्त्यांचे फोटो दुसऱ्या दिवशी लेखात झळकले. काढणारा त्रयस्थ असल्यामुळे त्यांवर कोणाचाही आक्षेप नव्हता.

“एकच उपाय आहे,” साहेबांनी मला बाजूला घेऊन सांगितलं. “तेवढा लेख दुरुस्त करून आणा. मी लगेच गाडी सोडतो.”

मग गावाने ज्ञानकोशातच शिरायचं ठरवलं. नेट फक्त सॅविओच्या दुकानात धड चालतं. तिथे रांग लावून एकेकाने खातं उघडलं आणि चर्चेच्या पानावर लिहिलं, ‘मी आहे.’ कुणी ‘मी पण आसंय’ असं लिहिलं. शेवंतीने लिहिलं, ‘गाडी सोडा.’

तटस्थने हे सगळं अभ्यासलं. सर्व खाती एकाच जोडणीवरून, एकाच दिवशी, एकाच मागणीसाठी निघाली आहेत. सबब हा एकच माणूस असून तो अनेक नावांनी लिहीत आहे. सगळ्या गावावर कायमची बंदी आली. दर्यावर्दीला आमचं वाईट वाटलं. पण बंदी नियमाला धरून आहे, हे त्यानेही मान्य केलं. खरं सांगायचं तर मीही केलं. निकाल फार मुद्देसूद लिहिला होता.

आता शेवंती रोज टोपली डोक्यावर घेऊन घाटी उतरते आणि हमरस्त्यावर उभी राहते. कुणी थांबलं तर मालवण, नाही तर वांगी परत. मी बरोबर जायचं म्हणतो, तर म्हणते, “तुमी नको. तुमी तेंका पटवूक जाशात आणि तेंचाच ऐकान येशात.”

गेल्या शनिवारी एक गाडी थांबली. आत शहाणं, शिकलेलं माणूस होतं. ओसाड गाव कुठे आहे, असं त्याने विचारलं. शेवंतीने डोंगराकडे बोट दाखवलं.

“थंय. आमी थंयच रवतो. माका मालवणाक सोडशात?”

त्याने तिच्याकडे पाहिलं. मग हातातल्या मोबाइलकडे पाहिलं. पुन्हा तिच्याकडे पाहिलं आणि त्याचा चेहरा पांढरा पडला. काच वर गेली आणि गाडी अशी सुटली की पुढचं वळण तिने कसं घेतलं ते देवालाच ठाऊक.

गाडी करड्या रंगाची होती, असं शेवंती सांगते. ती खोटं बोलत नाही, पण तिच्याकडेही संदर्भ नाही. म्हणून तुम्हालाच विचारतो. तुमची नव्हती ना?