नारायण सरांची घोडेस्वारी

नवी पेठेतल्या वाचनालयात मुलांचा शनिवारचा सिनेमा संपला आणि ग्रंथपाल नारायण सर उभे राहिले. सिनेमा एका घोडीच्या गोष्टीच्या पुस्तकावरून काढलेला होता.

"पुस्तकात त्या घोडीला माणसाळवायला सहा महिने लागतात," सर म्हणाले. "सिनेमात हिरो पहिल्याच दिवशी उडी मारून बसतो! घोडं परक्या माणसाला असं पाठीवर घेतं का कधी?"

"घेतंय की!" सोनम म्हणाली. "लावा पैज. घेतलं तर नुसता सिनेमा, पुस्तक बंद."

"आणि नाही घेतलं तर सगळ्यांनी हे पुस्तक वाचायचं," सर ठामपणे म्हणाले. पाच प्रती वर्षभर कपाटात कोऱ्या पडून होत्या, तेच त्यांचं दुखणं होतं.

खाली रस्त्यावर सिद्धप्पा आपली पांढरी घोडी, चांदणी, लग्नासाठी सजवून उभा होता. सर मुलांना घेऊन उतरले आणि पायरीवरून थेट घोडीवर चढले.

"बघा आता, कशी पाडते मला!"

"न्हाय पाडायची, सर," सिद्धप्पा म्हणाला. "लगीनसराईत रोज नवा नवरदेव बसतोय. हिला परकं कोण हाय?"

चांदणीनं कानसुद्धा हलवला नाही. "सर हरले!" मुलं ओरडली.

तेवढ्यात मारुतीच्या देवळापाशी बँड सुरू झाला. पाठीवर माणूस आणि कानावर बँड, म्हणजे निघायचं, एवढंच चांदणीला ठाऊक. ती नाचत निघाली. घोडी आलेली दिसताच बँडवाल्यांनी मंगल कार्यालयाची वाट धरली. सरांनी चांदणीच्या मानेला मिठी मारली.

"अरे सिद्धप्पा, थांबव हिला!"

"बँड थांबल्याबिगर न्हाय थांबत! गुडघं आवळा, सर!"

खरा नवरदेव शेरवानी सावरत मागून धावत आला, तोवर कार्यालयाच्या दारात सासूबाईंनी सरांनाच ओवाळून घेतलं होतं.

तिसऱ्या दिवशी लग्नातल्या फोटोग्राफरचा व्हिडिओ साऱ्या पेठेत मोबाइलवर फिरला. त्यात तुतारी वाजत होती आणि सर ताठ मानेनं घोडीवर बसलेले होते. मिठी नाही, आरडाओरडा नाही.

सोनम तणतणत वाचनालयात आली. "सर, सगळं खोटं हाय! तुमी केवढ्यानं वरडत होता, आमी ऐकलंय की! तेच कापलंय!"

"असं म्हणतेस?"

"मग त्या सिनेमातबी कापलंच असंल. काय काय कापलंय, बघायचंय. द्या ते पुस्तक."

दहा मिनिटांत पाचही प्रती गेल्या.

"पर असलं कापतंय तरी कोण ओ, सर?" जाता जाता सोनमनं विचारलं.

सर चष्मा पुसू लागले. फोटोग्राफरच्या दुकानात तासभर बसून ते काम त्यांनी स्वतःच करून घेतलं होतं.