लामूची दादा

जर्मनीतल्या त्सुफेनहाउझेनमधली सगळी मराठी मंडळी अश्वजितला दादा म्हणायची, आणि जी म्हणत नसत त्यांना तो एकदा नीट समजावून सांगायचा. त्यामुळे ईस्टरच्या सुट्टीत पूर्व आफ्रिकेतल्या लामू बेटावर ग्रूप न्यायचं ठरलं, तेव्हा पुढारी कोण यावर चर्चाच झाली नाही. जुन्या शहरातले कोरीव दरवाजे कुठल्या क्रमाने बघायचे, अरुंद गल्लीत समोरून गाढव आलं तर माघार कोणी घ्यायची, सगळं दादाने ठरवलं. बदल्यात त्याला एकच गोष्ट हवी होती: गेस्टहाउसच्या गच्चीवरची, समुद्राकडची एकुलती एक खोली.

शनिवारी जेवताना मालकीणबाईंचा मेसेज आला. अश्वजितच्या बायकोने, क्रांतीने, त्याच्या फोनवरून तो मोठ्याने वाचला.

"गच्चीची खोली, मामा. वरचा मजला, फक्त बायका: क्रांती, धम्मदीपा, दादा..."

"काय?"

"दादा. माझ्या शेजारच्या पलंगावर. तशी सोय चांगलीय."

"चांगलीय? बायकांत टाकलंय मला! आणि गच्ची मामांना?"

क्रांतीचे नामदेवमामा जर्मनीतल्याच येनाहून मुद्दाम या ट्रिपसाठी आले होते. ते शांतपणे वरणभात कालवत म्हणाले, "माझं काही म्हणणं नाही बाबा." ज्याला खोली मिळते, त्याचं कधीच काही म्हणणं नसतं.

"तू त्यांना कळवलं काय होतंस?" क्रांतीने विचारलं.

"खरं तेच! दादा इज द लीडर, मामा हॅज नी प्रॉब्लेम. यात कळायला अवघड काय आहे? जर्मन माणसाला कळलं असतं!"

अश्वजितने ताट सरकवून थेट लामूला फोन लावला, स्पीकरवर, म्हणजे अन्याय सगळ्यांना ऐकू यावा.

"धिस इज दादा!"

"ये ये, दादा!" मालकीणबाई इंग्रजीत बोलत होत्या, पण माया पार समुद्र ओलांडून येत होती. "अरेरे, घसा किती बसलाय! आलं घालून चहा घे. आणि पुरुषांची काळजी करू नकोस, वरच्या मजल्यावर एकही फिरकणार नाही."

"मी फिरकणार! आय अ‍ॅम दादा! बिग दादा!"

"हो गं. मोठा पलंग देते."

शेजारच्या जर्मन आजोबांनी भिंतीवर ठोकलं. अश्वजितने भिंतीवर उलट ठोकलं आणि व्हिडिओ चालू केला. पलीकडे त्याच्या मिशा पोचल्या.

"दादा म्हणजे आमच्या स्वाहिलीत बहीण," बाई सावकाश म्हणाल्या. "तू तर भाऊ दिसतोस."

"गेनाऊ! बरोबर! भाऊ! मोठा भाऊ!"

"मग दादा कशाला म्हणवतोस? भावाला आम्ही काका म्हणतो."

चाळिशीच्या उंबरठ्यावर उभ्या अश्वजितने मागच्याच महिन्यात आपल्याला काका म्हणणाऱ्या एका विद्यार्थ्याशी बोलणं सोडलं होतं. त्याच्या कानशिलावरची शीर टरारली.

"काकांची सोय खाली, पुरुषांच्या दालनात," बाई पुढे म्हणाल्या. "अंगणात गाढवं बांधतो, पण ती फक्त पहाटे ओरडतात."

"आणि गच्ची? मामा पण—"

"गच्ची मामाचीच! मामा म्हणजे आई. गुडघे दुखत असताना एवढ्या लांब येणाऱ्या तुझ्या आईला मी खाली झोपवू?"

सगळे मामांकडे बघायला लागले. मामांनी घास गिळला, खुर्चीवरची क्रांतीची ओढणी उचलली आणि डोक्यावरून घेतली.

"मामा!" अश्वजित ओरडला.

"बघा, कसा ओरडतो आईवर," बाईंचा आवाज कडक झाला. "हे बघ, ईस्टरला माझ्याकडे दुसरे लोक रांगेत आहेत. खालचा पलंग कुणाच्या नावावर लिहू? एकदा स्पष्ट सांग, नाहीतर सगळं बुकिंग रद्द."

क्रांतीने हात जोडले. अश्वजितने दात आवळले, डोळे मिटले, आणि रागाच्या भरात गरजेपेक्षा फारच मोठ्याने ओरडला, "आय अ‍ॅम काका!"

त्यांची पाच वर्षांची लेक धम्मदीपा खुर्चीवरून घसरून खाली पडली. तिच्या किंडरगार्टनमध्ये या शब्दाला एकच अर्थ होता, आणि तो पोरं पॉटीवर बसून करतात.

"पापा इस्ट काका!" ती जमिनीवर लोळत किंचाळली. "पापा इस्ट काका!" भिंतीपलीकडून जर्मन आजोबांचंही हसू ऐकू आलं.

"कोण हसतंय?" मालकीणबाईंनी विचारलं.

मामांनी ओढणी सावरली, फोन आपल्याकडे ओढला आणि बारीक आवाजात म्हणाले, "माय ग्रँडडॉटर."