शेंगदाणे परत

आमच्या गावात हॅमस्टर माणसं पसंत करतात. माणसाने दुकानात जाऊन हॅमस्टर निवडायचा, अशी पद्धत म्हणे मोठ्या शहरांत आहे. आमच्याकडे हॅमस्टर संध्याकाळी घरी येतो, पोहे खातो, माणूस बघतो आणि मग कळवतो. पसंती असेल तर पोह्यांतले शेंगदाणे गालांत भरून नेतो. नसेल तर बशीत ठेवून जातो.

माझा पद्धतीला विरोध नाही. माझा राग आहे तो या लोकांच्या माजावर.

बघायचं होतं माझ्या नणंदेला, शैलावन्संना. वन्संनी पन्नाशी ओलांडली आहे. तरुणपणी त्यांना बघायला बरीच स्थळं आली, पोहे खाऊन 'कळवतो' म्हणाली आणि गेली ती गेलीच. मग वन्संनी मागच्या खोलीत शिलाईमशीन टाकलं. आज निम्म्या गावाचे ब्लाउज त्या शिवतात. यंदा दिवाळी झाल्यावर एकदा मला म्हणाल्या, "मंदा, आपलं म्हणून काहीतरी जिवंत असावं असं वाटतं गं." मला गलबलून आलं. मी तशीच चपला घालून वेलणकरकाकूंकडे गेले. काकू पूर्वी लग्नं जुळवायच्या, आता हॅमस्टर जुळवतात.

आधी बुटक्या जातीचे दोघे भाऊ आले. आमच्याच सतरंजीवर बसून ते कडाकडा भांडले, एकाने दुसऱ्याचा कान चावला, आणि वर निरोप काय, तर घरात शांतता वाटली नाही! त्यानंतर रोबोरोव्हस्की जातीचा एक आला. अंगठ्याएवढा जीव. सगळा वेळ दिवाणाखाली पळत होता, वन्संकडे धड मान वर करून पाहिलंसुद्धा नाही. त्याने कळवलं, उंची जुळत नाही. हे त्याने बोलावं! दोन्ही वेळा बशीतले शेंगदाणे मी रागारागाने बाहेर फेकून दिले.

"आपलंच चुकलं," काकू म्हणाल्या. "शैलाला सीरियन जातीचा बघायला हवा. मोठा असतो, शांत असतो, हातावर बसतो. फक्त त्याला घरात दुसरा हॅमस्टर खपत नाही."

"दुसरा आणतंय कोण?" मी म्हटलं. "इथे एक मिळताना मारामार."

असे दिगंबरराव आले. अंग सोनेरी, पोट पांढरंशुभ्र, बोलणं मोजकं. काकूंनी त्यांना पिशवीतून काढून चौरंगावर बसवलं. आमचे हे त्यांच्यासमोर हात जोडून उभे. स्वतःच्या बायकोच्या माहेरच्यांसमोर कधी इतके वाकले नाहीत!

"चालून दाखवा," दिगंबरराव वन्संना म्हणाले.

मी पोह्यांची बशी चौरंगावर आपटली. वन्सं मात्र मुकाट्याने उठल्या, दारापर्यंत जाऊन परत आल्या.

"पाऊल जड पडतं. पण ठीक आहे. हात?"

वन्संनी तळहात पुढे केला. ते त्यावर चढले, एक फेरी मारली आणि थांबले. "कसला वास हा?"

"मशीनच्या तेलाचा," वन्सं म्हणाल्या. "शिवण करते मी."

"कधी?"

"दिवसभर."

"दिवसा मी झोपतो," दिगंबरराव म्हणाले. "मशीन बंद करावं लागेल. आणि ती मागची खोली मला लागेल. तिथे वर्दळ कमी दिसते."

"हो, हो, होईल की!" आमचे हे लगेच म्हणाले. "त्यात काय एवढं? ताईने आता आरामच करायला पाहिजे. ती बाहेरच्या खोलीत झोपेल."

ताईला कुणी विचारलं? कुणीही नाही. दिगंबररावांनी मान हलवली, बशी जवळ ओढली आणि शेंगदाणे वेचून गालांत भरायला सुरुवात केली. एका बाजूचा गाल फुगला, मग दुसरा. काकूंनी आनंदाने माझ्या मांडीवर थाप मारली. ह्यांनी तर डोळे पुसले.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. बशी उचलून आत न्यावी असं फार वाटलं. पण वन्संकडे पाहिलं तर त्या हसत होत्या. आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्यासमोर कुणीतरी शेंगदाणे उचलले होते. मी कोण ते मोडणारी?

वन्संनी दिगंबररावांना अलगद चौरंगावर ठेवलं आणि हात पदराला पुसला.

"बरं वाटलं तुम्ही आलात," त्या म्हणाल्या. "आम्ही कळवतो."

काकूंना वाटलं, वन्सं गोंधळल्या. "अगं शैला, कळवायचं त्यांनी असतं. आणि त्यांची पसंती आहे!"

"त्यांचं समजलं ना. आता आमचं आम्ही कळवू."

"ताई, या वयात सीरियन पुन्हा चालून येणार आहे का?" आमचे हे ओरडलेच.

"मला उद्या ब्लाउज द्यायचेत," असं म्हणून वन्सं मागच्या खोलीत गेल्या. मशीन सुरू झालं.

दिगंबररावांना काही बोलायचं असावं, पण गाल भरलेले होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी बशी पुढे सरकवली. त्यांनी एकेक शेंगदाणा काढून बशीत परत ठेवला. काकूंनी त्यांना पिशवीत घातलं आणि माझ्याशी न बोलता निघून गेल्या.

मी शेंगदाणे फेकायला निघाले, तेवढ्यात वन्संनी आतून हाक मारली. "टाकू नकोस गं. धुऊन भाजून घे. चटणी करू."

दुसऱ्या दिवशी मी चटणी कुटत होते, तेव्हा काकूंचा फोन आला. दिगंबरराव विचारतायत, काय ठरलं? दुपारपर्यंत मशीन चाललं तरी त्यांची हरकत नाही म्हणतात. मी फोन हातात घेऊन मागच्या खोलीत गेले आणि वन्संना विचारलं.

वन्संनी मशीनवरचा पाय थांबवला नाही. "म्हणावं, उंची जुळत नाही."

मी तसं कळवलं.