रूफस शहाणा कसा झाला

कॅलेच्या बंदरावर, पाळीव जनावरांचे कागद तपासतात त्या खिडकीपुढच्या रांगेत पोकॉकसाहेब उभे होते आणि सारखे मागे वळून दाराकडे बघत होते. तसं काळजीचं कारण दिसत नव्हतं. शेजारी पत्नी हिलरीबाई, पट्ट्याला पांढरा रूफस, काखेत जाडजूड फाइल. रेबीजची लस झालेली, मानेत चिप बसवलेली. आणि इंग्लंडात शिरण्याआधी एक ते पाच दिवसांत डॉक्टरच्याच हातून द्यायची ती जंतांची गोळीसुद्धा परवाच दिलेली, तारीख-वेळेसकट शिक्का मारून. बोट अडीचला होती.

काळजी एकच होती. हा कुत्रा रूफस नव्हता.

खरा रूफस गेली नऊ वर्षं साहेबांवर गुरगुरत आला होता. खुर्ची त्याची, सोफा त्याचा. साहेबांना स्वतःच्या बायकोशेजारी बसायचं तर त्याची परवानगी लागायची. मंगळवारी, ते सुट्टीला राहिले होते त्या फ्रेंच गावातल्या जनावरांच्या डॉक्टरने त्याला गोळी द्यायला आत नेलं तेव्हा बाराला पाच मिनिटं कमी होती. बाराला तिथे जेवणाची सुट्टी, मग आभाळ कोसळलं तरी दार उघडायचं नाही. त्या घाईत एक पांढरा कुत्रा साहेबांच्या हातात कोंबला गेला, तसाच दुसरा आणखी कुणाच्या तरी, आणि खाडकन कुलूप लागलं. गाडीत बसल्यावर कुत्र्याने साहेबांच्या मांडीवर डोकं ठेवलं. साहेबांना तिथल्या तिथे कळलं.

बोलायला हवं होतं, कबूल. पण पडले इंग्रज; हॉटेलात दुसऱ्याचं ताट पुढ्यात आलं तरी उगाच तमाशा नको म्हणून मुकाट्याने संपवणारे. डॉक्टरचं जेवण होऊ दे, मग बघू, असं करता करता संध्याकाळ झाली. संध्याकाळी कुत्रा त्यांच्या पायांवर झोपला. मग काय बोलणार, कपाळ? साठी उलटल्यावर पहिल्यांदाच कुणीतरी त्यांना बघून शेपूट हलवत होतं, आणि ते सोडायचं त्यांच्या जिवावर आलं होतं.

खिडकीतल्या मुलीने चिप वाचायचं यंत्र त्यांच्याच हातात दिलं. तिथली पद्धतच तशी, कुत्रा तुमचा तर यंत्र तुम्हीच फिरवा. साहेबांनी ते शेपटीवरून फिरवलं. तिने मान दाखवली. साहेबांनी पोटावरून फिरवलं. मशीन बिघडलेलं दिसतंय, असंही पुटपुटून पाहिलं.

"मान पुढच्या बाजूला असते, साहेब," मुलगी म्हणाली.

यंत्र वाजलं. मुलीने आकडा पाहिला, कागद पाहिला, परत आकडा पाहिला. हा कागदावरचा कुत्रा नव्हे, तिने सांगितलं. दुसऱ्याचा कुत्रा देशाबाहेर न्यायचा म्हणजे पोलिसांना बोलवावं लागेल. मागची रांग चुळबुळायला लागली. साहेबांचे कान लालबुंद झाले.

"रूफसच्या डाव्या कानावर तपकिरी ठिपका आहे," हिलरीबाई शांतपणे म्हणाल्या. "याच्या नाही. मला परवाच दिसलं."

"मग बोलली का नाहीस?"

"तू बोलला नाहीस म्हणून. इतकं खूश मी तुला आपल्या लग्नातसुद्धा पाहिलं नव्हतं, डेझमंड."

 साहेबांनी खाली वाकून कुत्र्याच्या डोक्यावरून हात फिरवला.

मुलीने डॉक्टरला फोन लावला. पाऊण वाजला होता, म्हणजे जेवण चालू. सव्वाला लावला, जेवण चालूच. दोनला एकदाचा फोन उचलला गेला, तर नवीनच घोळ. गोळी नक्की कुठल्या कुत्र्याच्या पोटात गेली? रूफसला मिळाली नसेल तर नवी द्यायची आणि पुढचे चोवीस तास फ्रान्समध्येच काढायचे. डॉक्टर म्हणाला, जो चावला त्याला दिली, अंगठ्याला अजून पट्टी आहे. हिलरीबाईंनी ओळख पटल्यासारखी मान हलवली.

बोट गेली. डॉक्टरने कळवल्यावर साडेतीनला दुसऱ्या कुत्र्याचे मालक गाडी हाणत आले. पुढे ओडिलबाई, मागून त्यांचे यजमान एतियेन, आणि त्यांच्या कडेवर रूफस, त्यांची हनुवटी चाटत असलेला. साहेब बघतच राहिले.

ओडिलबाईंच्या तोंडाला खळ नव्हता. काय गुणी कुत्रा! आमचा गास्पार यांना सहा वर्षं घरात धड बसू देत नाही. हा आला आणि यांच्याच उशीवर झोपला. डॉक्टरला कळवते म्हटलं, तर हेच म्हणाले, दोन दिवस थांब ना.

कुत्र्यांची अदलाबदल झाली. रूफसने साहेबांचं बोट चावून फोडलं, यंत्र वाजलं, आकडा जुळला, मुलीने शिक्का मारला. तिकडे गास्पारने एतियेनच्या पँटचा पाय धरला होता.

बायका एकमेकींचे पत्ते लिहून घेत होत्या. बोटाला रुमाल गुंडाळून साहेब बाजूला उभे राहिले. फाटक्या पँटने एतियेन त्यांच्याजवळ सरकले आणि हळूच म्हणाले, "पुढच्या वर्षी येणार ना सुट्टीला?"

"मे महिन्यात," साहेब म्हणाले. "पहिल्या मंगळवारी."

एतियेननी बायकोकडे एक नजर टाकली.

"डॉक्टरकडे बाराला पाच कमी असताना या," ते म्हणाले. "आधी नको."