पलीकडे विचारा

धोंडू गावकर यांचे अस्तित्व हा सरकारी कामकाजाचा विषय झाल्याला बरीच वर्षे लोटली होती. संप झाला, गिरणी बंद पडली, तिच्या जागेवर काचेची इमारत चढली. मग कामगारांना घरे द्यायची म्हणून परळला एक 'कामगार शोध कक्ष' उघडला. धोंडूला घर हवे होते. बिचाऱ्याची मागणी एवढीच.

कक्षाच्या संगणकात जागा वाचवण्यासाठी एकच माहिती दोनदा ठेवत नसत. खऱ्या फाइलीऐवजी सिम्बॉलिक लिंक, म्हणजे 'पलीकडे पाहा' अशी नुसती पाटी. धोंडू बदली कामगार. ज्याच्या जागी तो मागावर उभा राहायचा, त्या कुशाबाकडे त्याची पाटी. कुशाबा गाववाल्यांच्या खोलीत राहायचा, म्हणून त्याची पाटी खोलीकडे. खोली धोंडूच्या नावावर, म्हणून तिची पाटी धोंडूकडे. संगणक पडला आज्ञाधारक. तो गरगर फिरत राही.

शोध चालू आहे, असे खिडकीतल्या पद्मजाबाई सांगत आणि धोंडूला चहा पाजत. चहा पिऊन तो समाधानाने नायगावला परते.

शेवटी संगणक सारखा अडकतो ही तक्रार त्याच्या गाभ्यापर्यंत, म्हणजे 'कर्नेल' या मूळ प्रोग्रॅमपर्यंत गेली. तो सांभाळणारी कंपनी त्याच काचेच्या इमारतीत होती, आणि ते काम करणारा रघुवीर धोंडूचाच मुलगा. बापासाठी त्याने जीव ओतला. नवा नियम असा केला: पाट्यांमागे ठरावीक फेऱ्या धावायचे, तरी खरी फाइल दिसली नाही तर थांबायचे आणि नकार द्यायचा. नियमाचे फार कौतुक झाले. रघुवीरला बढती मिळाली.

धोंडू पुन्हा खिडकीशी गेला तेव्हा क्षणात उत्तर आले.

"आजोबा, तुम्ही नाही आहात," पद्मजाबाई म्हणाल्या.

"गे बाय, मी हयच उभो आसंय मां."

"ते दिसतं हो. पण आता पक्कं झालं."

चहा आला नाही. शोध संपला होता.

घरी धोंडूने लेकाला विचारले, "तुजा मशीन थांबला. आता माका घर कोण देतलो?"

रघुवीरला मनापासून वाईट वाटले. त्याचे डोळेही भरून आले. "बाबा, आमचं काम फक्त फेऱ्या थांबवायचं. पाट्या कुणी लावल्या ते आमच्याकडे येत नाही. तुम्ही पलीकडे विचारा."

धोंडू निघाला. वाचकहो, हसू नका. काल तुमच्याच दाराशी येऊन त्याने विचारले ना, आणि तुम्ही किती आपुलकीने बोट दाखवलेत. पलीकडे.