कोंडोबाने पाळलेली शेवंता

एका जंगलात, मुलांनो, सगळे शाकाहारी झाले होते. म्हणजे चारचौघांत झाले होते. घरात काय शिजतं, हे कोणी विचारत नसे.

त्या जंगलात कोंडोबा कोल्हा आणि त्याची बायको भागाबाई राहत. पिल्लं मोठी होऊन दुसऱ्या जंगलात गेली होती. एका दुपारी कोंडोबाने गावातून एक कोंबडी आणली. भागाबाई मसाला वाटायला बसली. तेवढ्यात शेजारच्या साळिंदरकाकू विरजण मागायला आत आल्या.

"अगंबाई! कोंबडी?"

"पाळलीय," भागाबाई म्हणाली.

"घरात?"

"घरातच. शेवंता नाव आहे तिचं."

संध्याकाळपर्यंत बातमी जंगलभर झाली. सगळे रांग लावून बघायला आले. कोणी झबलं आणलं, कोणी उशी. हरणाने शेवंतासोबत फोटो काढून घेतला. "किती मोठं मन हो तुमचं!" असं प्रत्येकजण म्हणून गेला.

"चार दिवसांत विसरतील," भागाबाई नवऱ्याच्या कानात म्हणाली. "मसाला झाकून ठेवलाय मी."

चार दिवस शेवंता घरभर फिरली. तिने सतरंजी घाण केली, पिठात पाय घातले आणि कोंडोबाच्या आरामखुर्चीत अंडं घातलं. कोंडोबा फडकं घेऊन तिच्या मागे मागे. पुसता पुसता त्याच्या तोंडाला पाणी सुटे. तेही तो पुसे.

पाचव्या दिवशी शेवंता मान टाकून बसली.

"आत्ताच उरकून घेऊ," भागाबाई म्हणाली. "आजाराने गेली म्हणून सांगू."

कोंडोबा उठला. त्याने शेवंताला आपल्या शेपटीत गुंडाळलं आणि हळदीचं कोमट पाणी थेंब थेंब पाजलं. दोन दिवस तो जागचा हलला नाही. तिसऱ्या दिवशी शेवंताने डोळे उघडले आणि त्याच्या नाकावर चोच मारली. कोंडोबाच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं.

"फार लागलं का हो?" भागाबाईने विचारलं.

"हो," तो म्हणाला.

भागाबाईने त्याच्याकडे पाहिलं. मग मसाला वांग्यांना लावला.

पुढच्या आठवड्यात खुद्द सिंहमहाराज शाल-श्रीफळ घेऊन आले. सत्कार झाला, भाषणं झाली. महाराजांची नजर मात्र शेवंतावरून हलेना.

"कोंडोबा, राजाकडेही असं काहीतरी पाळलेलं हवं. हिला आम्हीच नेतो."

कोंडोबा मध्ये उभा राहिला.

"महाराज, ती फार हळवी आहे. तिला सोडून दुसरं काहीही न्या."

"काहीही?" महाराजांनी त्याला कानापासून शेपटीपर्यंत न्याहाळलं. "चालेल."

तेव्हापासून कोंडोबा महाराजांच्या गुहेत राहतो. त्याच्या गळ्यात मखमली पट्टा आहे. पाहुणे आले की महाराज म्हणतात, "बस, कोंडोबा." कोंडोबा बसतो. पाहुणे टाळ्या वाजवतात.

दर रविवारी भागाबाई शेवंताला घेऊन त्याला भेटायला जाते.

"अंगाने भरलात हो जरा," ती काळजीने म्हणते.

पाहुणे गेले की महाराज त्याला मांडीवर घेतात आणि प्रेमाने त्याचं पोट चाचपून बघतात.

तात्पर्य : दया जरूर करावी, पण वरिष्ठांच्या नजरेला पडेल अशी करू नये. मग त्यांनाही करावीशी वाटते.